पंख मढवण्याची विद्या

तबला मढवतात, पखवाज मढवतात, हलगी मढवतात. दिवाळीत कामट्यांचा सांगाडा बांधून त्यावर पतंगी कागद चिकटवतो, तेव्हा आपण आकाशकंदीलही मढवतच असतो. लहान विमानाच्या पंखावर कागद चढवण्याच्या कामाला दुसरा शब्द शोधण्याचे कारण आम्हांला दिसत नाही. वसंतातल्या संध्याकाळी तत्त्वज्ञान, इतिहास, अर्थकारण अशा भारदस्त विषयांवर कान देणाऱ्या श्रोत्यांपुढे बाल्सा लाकडाच्या विमानाचा कागद घेऊन उभे राहणे जरा धाडसाचे आहे, हे आम्ही जाणतो. पण ज्या कारणामुळे ठाण्याच्या पावसाळ्यात हलगी शेकावी लागते, कपाटाचे दार अडकते आणि पुस्तकाचा पुठ्ठा वाकतो, त्याच कारणामुळे मुलाने दोन महिने खपून केलेले विमान एका सकाळी सरळ उडेनासे होते. असे का होते आणि त्यावर काय करता येते, एवढेच आज सांगावयाचे आहे.

प्रथम कोणत्या विमानाविषयी आपण बोलत आहोत ते स्पष्ट करू. बाजारात मिळणाऱ्या प्लॅस्टिकच्या किंवा फोमच्या विमानाविषयी हे बोलणे नाही. येथे अभिप्रेत आहे ते हाताने घडवलेले, रबराच्या दोराला पीळ देऊन किंवा नुसतेच तरंगत उडणारे विमान. त्याचा पंख म्हणजे एक सांगाडा असतो. पुढे एक कड, मागे एक कड, मधून पंखाच्या लांबीभर गेलेली एक बारीक तुळई, आणि या तिहींना जोडणाऱ्या, माशाच्या कापासारख्या आकाराच्या दहा-पंधरा फासळ्या. हे सारे बाल्साचे. बाल्साचे झाड मूळचे दक्षिण आणि मध्य अमेरिकेतले. व्यापारी बाल्सा मुख्यतः एक्वादोर देशातून येतो. आपली काटेसावर आणि हे झाड एकाच मोठ्या कुळातले. त्याच्या फळातूनही सावरीसारखाच कापूस निघतो. त्याचे लाकूड विलक्षण हलके. एक घनमीटर पाण्याचे वजन हजार किलो, सागाचे सुमारे साडेसहाशे, आणि बाल्साचे बहुधा शंभर ते दोनशे किलोंच्या दरम्यान. हे लाकूड ब्लेडने कापता येते आणि नखाने दाबले तर खळगा पडतो. अशा लाकडाच्या काड्यांचा साठ सेंटिमीटर लांबीचा पंख हातात धरा आणि दोन्ही टोके उलटसुलट पिळून पाहा. तो ओल्या फडक्यासारखा पिळला जाईल. आता तोच पंख कागदाने मढवून, ताणून, लेप देऊन पुन्हा पिळून पाहा. तो पिळला जाणार नाही. जोर केलात तर मोडेल, पण पिळला जाणार नाही.

म्हणजे कागद हे पंखाचे वस्त्र नव्हे. तो पंखाचा अवयव आहे. आमच्या मते सारी विद्या या एका वाक्यात आहे, आणि बहुतेक नवशिके मुलगे व मुली हे वाक्य माहीत नसल्यामुळेच कागद म्हणजे रंगीबेरंगी शोभा समजतात. मग रंग शोधण्यात आठवडा जातो आणि चिकटवण्याचे काम रविवारी तासाभरात उरकले जाते.

मोठ्या विमानांचीही गोष्ट फार काळ हीच होती. १९०३ साली राइट बंधूंनी जे विमान उडवले त्याच्या पंखांवर साधे मलमलीच्या जातीचे सुती कापड होते, आणि त्यावर कसलाही लेप नव्हता. पुढे कापडावर लेप देऊन ते ताठ करण्याची रीत पडली आणि ती कित्येक वर्षे टिकली. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे जुहूला उतरले, ते पस मॉथ जातीचे विमानही लाकूड, पोलादी नळ्या आणि लेप दिलेले कापड यांचेच होते. कल्याणच्या बाहेर, मलंगगडाच्या वाटेवर, नेवाळीला दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिशांनी धावपट्टी बांधली. तिच्या जमिनीचा प्रश्न पुढे किती चिघळला आणि २०१७ च्या जूनमध्ये शेतकरी रस्त्यावर कसे उतरले, हे कल्याणकरांस सांगावयास नको. ज्या युद्धासाठी ती पट्टी झाली, त्या युद्धात हिंदी वैमानिक उडायला शिकत ते टायगर मॉथ विमानही कापडानेच मढवलेले होते. तेव्हा लहान विमानावरचा कागद हा मोठ्या विमानाची नक्कल आहे असे म्हणण्यापेक्षा, मोठ्या विमानांनी टाकून दिलेले शास्त्र लहान विमानांनी जपून ठेवले आहे, असे म्हणणे अधिक खरे.

आता तो कागद एवढे बळ कोठून आणतो? घरी एक प्रयोग करा. जोड्यांचा पुठ्ठ्याचा खोका घ्या, झाकण काढा आणि दोन्ही टोकांना धरून पिळा. खोका सहज पिळला जातो. मग झाकण बसवून चारही कडांना चिकटपट्टी लावा आणि पुन्हा पिळा. पुठ्ठा तोच, पण आता तो दाद देत नाही. उघड्या खोक्याच्या कडा एकमेकींवरून सरकू शकतात. झाकण चिकटल्यावर सरकावयास वाव राहात नाही. पंखाचेही तसेच आहे. फासळ्यांच्या वर एक कागद, खाली एक कागद, पुढे-मागे दोन कडा, असा चहूबाजूंनी बंद खोका तयार होतो. पिळणारा जोर आला की कागद तिरप्या दिशेने ताणला जातो आणि तो जोर स्वतःवर घेतो. मात्र एक अट आहे. कागद ताणलेला पाहिजे. ढिला कागद म्हणजे न चिकटवलेले झाकण. बाजेचे उदाहरण घ्या : नुसती चौकट डुगडुगते, सुंभ घट्ट विणला की तीच बाज माणसाचे वजन पेलते, आणि सुंभ सैल पडला की पुन्हा कुरकुरू लागते.

आणि या बळाचे वजन किती? साठ सेंटिमीटर लांब व दहा सेंटिमीटर रुंद पंखाच्या दोन्ही बाजू मिळून सुमारे बाराशे चौरस सेंटिमीटर कागद लागतो. या कामाचा चांगला कागद चौरस मीटरला सुमारे बारा ग्रॅम भरतो. हिशेब केला तर सारा कागद दीड ग्रॅमच्या आतच येतो. आजच्या एका रुपयाच्या नाण्याच्या निम्म्याहूनही कमी. तुलनेसाठी सांगतो, वर्तमानपत्राचा कागद चौरस मीटरला पंचेचाळीस ग्रॅमच्या आसपास आणि वहीचा साठ-सत्तर असतो.

हा हलका कागद म्हणजे जपानी जातीचा कागद. त्याचा गुण त्याच्या तंतूंच्या लांबीत आहे. तुती वर्गातल्या आणि तत्सम झुडपांच्या सालीपासून तो करतात. तंतू लांब असल्यामुळे कागद पातळ असूनही ओला झाल्यावर टिकतो. पतंगी कागदाचे तसे नाही. तो स्वस्त आहे, ठाण्याच्या किंवा कल्याणच्या कोणत्याही स्टेशनरीच्या दुकानी संक्रांतीच्या दिवसांत मिळतो, पण त्याचे तंतू आखूड असतात. ओला झाला की फाटतो आणि फारसा आटतही नाही. पहिल्या विमानावर हात बसवण्यापुरता तो चालेल. त्यावर अधिक भरवसा ठेवू नये.

कागद विकत आणला म्हणजे त्याला आडवे-उभे असते, हे विसरू नये. वर्तमानपत्राचे पान वरून खाली फाडले तर सरळ चिरत जाते आणि आडवे फाडले तर वाकडेतिकडे, हा अनुभव सर्वांना आहे. कारखान्यात कागद यंत्रावरून वाहत येताना त्याचे तंतू बहुतांशी वाहण्याच्या दिशेने लागतात. त्या दिशेने तो सरळ फाटतो, आणि ताण सोसण्याचे व ताठ राहण्याचे बळही त्याच दिशेने अधिक असते. पातळ कागदाचा एक कोपरा फाडून ही दिशा ओळखावी आणि ती पंखाच्या लांबीच्या दिशेने ठेवावी, म्हणजे एका फासळीपासून दुसरीपर्यंतचे अंतर कागदाच्या बळकट अंगाने सांधले जाते. उलट ठेवला तर फासळ्यांच्या मध्ये कागद खाली बसतो आणि पंख उपाशी बैलाच्या बरगड्यांसारखा दिसू लागतो. नुसता दिसला असता तर हरकत नव्हती. फासळीने दिलेला बाक दोन फासळ्यांच्या मध्ये नाहीसा झाला की पंखाची उचलही तेवढी कमी होते.

मढवण्याआधी सांगाडा बारीक पॉलिशकागदाने घासून घ्यावा. सांध्यावरचा सरसाचा एक थेंबसुद्धा ताणलेल्या कागदाखाली पुटकुळीसारखा वर येतो. चिकटवण्याच्या रीती दोन. एक जुनी : सांगाड्याच्या ज्या कडांवर कागद टेकावयाचा आहे त्यांना पातळ लाखेरी लेपाचे एक-दोन हात द्यावे, वाळल्यावर घासावे, कागद वर ठेवून कुंचल्याने वरून थिनर लावावे, थिनर कागदातून झिरपते, खालचा लेप मऊ होतो आणि कागद तेथे धरला जातो. दुसरी रीत घरगुती : पांढरा सरस, म्हणजे सर्वांच्या घरी असलेला फेव्हिकॉल, निम्मे पाणी घालून पातळ करावा आणि कडांना बोटाने लावावा. कोणी मैद्याची खळ वापरतात. आकाशकंदिलाला ती उत्तम. पंखाला लावू नये, कारण आपल्या हवेत तिला बुरशी येते आणि झुरळे तर तिच्यावर टपलेलीच असतात.

प्रथम खालची बाजू मढवावी, मग वरची, म्हणजे वरच्या कागदाची किनार खालच्यावर येऊन सांधा झाकला जातो. पंख मधोमध वर मोडलेला असेल, आणि बहुधा तो असतोच, तर डाव्या व उजव्या भागांस वेगळे तुकडे घ्यावे. एकच लांब तुकडा त्या मोडीवरून ओढला तर मोडीपाशी सुरकुती ठरलेली. वरच्या बाजूस कागद फक्त चार कडांना चिकटवावा, मधल्या फासळ्यांना नाही. खालच्या बाजूला फासळी आत वळलेली असेल, तर मात्र प्रत्येक फासळीला चिकटवल्यावाचून गत्यंतर नाही. नाहीतर ताणला गेल्यावर कागद फासळी सोडून सरळ होतो. या वेळी कागद ताठ ओढण्याचा अट्टाहास करू नये. मोठ्या सुरकुत्या नसल्या म्हणजे पुरे. बारीक ढिलेपणा काढण्याचे काम पाणी करणार आहे.

पाणी हे कसे करते? नवे कापड पहिल्या धुण्यात आटते, हे प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. मागावर आणि गिरणीत ते ओढून धरलेले असते; पाण्यात तंतू मोकळे होतात आणि वाळताना आपल्या मूळ लांबीकडे परततात. कागदही कारखान्यात ओढलेल्या स्थितीतच वाळवलेला असतो. त्यावर फवाऱ्याने पाण्याचे अगदी बारीक तुषार मारले की तंतू फुगतात, कागद आधी लोंबू लागतो, आणि नवख्या माणसाचा जीव घाबरतो. धीर धरावा. वाळताना तो आटतो आणि तबल्याच्या पुडीसारखा ताणला जातो. टिचकी मारली तर बारीक आवाज देतो. केसांना पाणी मारण्याचा फवारा या कामी चालतो. थेंब पडता कामा नयेत. थेंब पडेल तेथे डाग आणि असमान ताण. फार नाजूक सांगाड्यासाठी पाण्यात थोडा स्पिरिट मिसळतात, म्हणजे आटणे सौम्य होते.

येथूनच धोक्याचा भाग सुरू होतो. पुस्तक बांधणारा कारागीर पुठ्ठ्याच्या एका बाजूला कागद डकवून थांबत नाही. थांबला तर वाळताना कागद आटतो आणि पुठ्ठा त्या बाजूला वाकतो. म्हणून तो आतल्या बाजूलाही कागद डकवतो, मग पुस्तक दाबाखाली ठेवतो. जो नियम पुठ्ठ्याला तोच पंखाला. वरची बाजू ओली करून ताणली आणि खालची राहिली, तर पंख वाकलाच म्हणून समजा. दोन्ही बाजू एकाच वेळी, सारख्याच ओल्या कराव्या आणि पंख सपाट फळीवर टाचण्यांनी किंवा वजनांनी धरून ठेवून वाळवावा. खाली काड्यांचे बारीक टेकू द्यावे, म्हणजे खालून हवा खेळते आणि कागद फळीला चिकटत नाही. उन्हात ठेवू नये, पंख्याखालीही नको. रात्रभर तसाच राहू द्यावा. घाई करणाऱ्याला पंख शिक्षा करतो.

ती शिक्षा कशी असते ते सांगणे जरूर आहे. समजा, डाव्या पंखाच्या टोकाची मागची कड तीन मिलिमीटर खाली पिळली गेली. म्हणजे तो पंख वाऱ्याला उजव्यापेक्षा अधिक तिरपा सामोरा जातो. त्याची उचल वाढते, विमान उजवीकडे कलते, कलले की वळते, वळता वळता नाक खाली घालते, आणि भोवऱ्यासारखे फिरत जमिनीवर येते. बाल्साचे विमान असे जोरात आपटले की दुरुस्तीला फारसे काही उरत नाही. जाणकार लोक दोन्ही टोकांची मागची कड मुद्दाम दोन-तीन मिलिमीटर वर ठेवतात, दोन्हीकडे अगदी सारखी. त्यामुळे वेग कमी झाला तर पंखाचा मध्य आधी उचल सोडतो, टोके नाही, आणि विमान कोलमडत नाही. हा हवाहवासा पीळ देण्याची वेळही हीच : पंख ओला असताना टोकाच्या कडेखाली काडी ठेवून वाळवावा. तीन मिलिमीटर एका बाजूला झाले तर घात, दोन्ही बाजूंना सारखे झाले तर रक्षण.

कागद ताणला गेला तरी तो अद्याप चाळण आहे. तंतूंच्या मधून हवा आरपार जाते. पंखाच्या वर दाब कमी आणि खाली जास्त असतो, आणि हा फरक हीच विमानाची उचल. भोके राहिली तर तो फरक तितका पाझरून जातो. शिवाय उघडा कागद हवेतला ओलावा पीत राहतो. ही भोके बुजवणे, कागदाला ओलाव्यापासून आडोसा करणे आणि ताण कायम करणे, ही तीन कामे लेप करतो. इंग्रजीतून आलेला त्याचा शब्द डोप. तो ऐकून कोणाच्या मनात भलतेसलते आले तर नवल नाही. पण कारखान्यातला हा शब्द खेळाडूंच्या डोपाहून निराळा आहे.

जुना, प्रमाण लेप म्हणजे थिनरमध्ये विरघळवलेले नायट्रोसेल्युलोज. रंगाच्या दुकानात फर्निचरसाठी जी पारदर्शक एन. सी. लॅकर मिळते ती याच जातीची. तिच्यात तेवढेच थिनर घालून ती दुधासारखी पातळ करावी आणि मऊ, रुंद कुंचल्याने एकदाच पुढे जात लावावी. त्याच जागी पुन्हा कुंचला फिरवू नये. असे दोन हात, फार तर तीन. थिनर उडून जाते, उरलेला पापुद्रा आकसतो आणि त्याबरोबर कागदही अधिक ओढला जातो. हे आकसणे मात्र एका दिवसात संपत नाही, आठवडे चालू राहते, आणि हळूहळू नाजूक पंख ओढून वाकवते. यावर जगभरच्या छंदी लोकांनी जो उपाय काढला तो आपल्या आजीच्या फळीवरचा आहे : लेपात एरंडेलाचे काही थेंब घालावे. एरंडेल पापुद्र्याला लवचीक ठेवते. अर्थात थेंब म्हणजे थेंबच. चमचा ओतला तर लेप कधी वाळत नाही आणि पंख चिकटा होऊन धूळ गोळा करतो.

आता आपल्या हवेविषयी. या विषयावरची परदेशी पुस्तके मुख्यतः थंड, कोरड्या हवेच्या देशांत लिहिलेली आहेत, आणि ठाणे-डोंबिवलीच्या जुलै महिन्याची कल्पना त्यांच्या लेखकांस असण्याचे कारण नाही. एका बाजूला ठाण्याची खाडी, दुसरीकडे उल्हास नदी, आणि वर पाऊस. जुलै-ऑगस्टात सकाळी हवेतली आर्द्रता बहुधा पंच्याऐंशी टक्क्यांच्या वर असते. अशा हवेत लेप लावला की थिनर भराभर उडताना पृष्ठभाग थंड करते, त्या थंड पृष्ठभागावर हवेतले पाणी धरते आणि लेप पांढरा पडतो. फर्निचरला पॉलिश करणारे कारागीर पावसाळ्यात काम घ्यावयास का कुरकुरतात, याचे एक कारण हेच. त्यांचे लाखेचे पॉलिशही पांढरे पडते. पांढरा पडलेला लेप पोकळ आणि कमजोर असतो. कोरड्या दिवशी त्यावर नुसत्या थिनरचा एक हलका हात दिला तर तो बहुधा पुन्हा पारदर्शक होतो. पण मुळात तो दिवसच टाळणे बरे. आमचा सल्ला असा की सांगाडा पावसाळ्यात बांधावा, आणि मढवण्याचे काम दिवाळीनंतर, थंडीच्या कोरड्या दुपारी करावे. फेब्रुवारीत दुपारची आर्द्रता पुष्कळदा पन्नास टक्क्यांच्याही खाली येते. तेवढा काळ या कामासाठी सोन्यासारखा. मात्र कोरड्या दिवसात ताणलेला कागद पुढच्या पावसाळ्यात हलगीसारखा उतरणार, हे धरून चालावे. लेप ओलावा मंद करतो, थांबवत नाही.

लेपाविषयी आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाणे आम्हांला योग्य वाटत नाही. पहिल्या महायुद्धात, १९१४ ते १९१६ या काळात, ब्रिटनमधल्या विमान कारखान्यांत लेप लावणाऱ्या कामगारांना, त्यांत स्त्रियाही होत्या, विषारी कावीळ होऊन मृत्यू आले. दोष लेपातल्या टेट्राक्लोरोइथेन या द्रावकाचा होता, आणि पुढे तो वापरातून काढला गेला. आजच्या थिनरमध्ये तो नसतो; पण टोल्युइनसारखी द्रव्ये असतात आणि त्यांच्या वाफा डोके धरण्यापुरत्याच वाईट आहेत, असे समजू नये. शिवाय नायट्रोसेल्युलोज भडकन पेटते. चित्रपटांच्या जुन्या फिती याच पदार्थाच्या असत. २००३ साली पुण्यात प्रभातच्या जुन्या आवारात साठवलेल्या अशा फितींना आग लागली आणि कित्येक जुने चित्रपट कायमचे गेले. मे २०१६ मध्ये आणि पुन्हा मे २०२४ मध्ये डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत जे स्फोट झाले ते निराळ्या रसायनांचे आणि निराळ्या प्रमाणावरचे होते. पण ज्या गावातल्या घरांच्या काचा तेव्हा फुटल्या, त्या गावात द्रावकाच्या वाफेला क्षुल्लक म्हणण्याचे धाडस कोणी करू नये. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात, शेजारच्या खोलीत गॅसची शेगडी किंवा देवापुढे निरांजन असताना लेपाचा डबा उघडणे म्हणजे निव्वळ अविचार. गच्चीवर जावे, वाऱ्याकडे पाठ करावी, वडीलधारे कोणी सोबत असावे, आणि पंख पूर्ण वाळून वास जाईपर्यंत घरात आणू नये. लेप पुसलेली फडकी कोंबून ठेवू नयेत.

ज्यांना गच्ची नाही त्यांनी काय करावे? पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक वार्निश आता सर्वत्र मिळते. ते पातळ करून, दोन्ही बाजूंना एका बैठकीत, पंख फळीवर धरून लावले तर भोके बुजतात. वास नाही, आगीचे भय फारसे नाही. ताण मात्र ते नायट्रोसेल्युलोजाइतका देत नाही आणि थोडे जड होते. जुन्या मताचे लोक यावर नाक मुरडतात. आमचे मत असे की शाळकरी मुलाच्या हाती पाण्याचाच लेप द्यावा. एक-दोन ग्रॅम वाढले म्हणून आकाश कोसळत नाही. उष्णतेने आटणारी प्लॅस्टिकची तलम पटलेही मिळतात. ती इस्त्रीने ताणतात, ओलाव्याची त्यांना पर्वा नसते, आणि मोठ्या विमानांना ती सोयीची आहेत. पण पिळाला विरोध करण्यात ताणलेला कागद त्यांच्यापेक्षा बराच सरस ठरतो, म्हणून लहान, हलक्या पंखावर कागद अजून आपले स्थान राखून आहे.

राष्ट्रीय छात्र सेनेच्या हवाई विभागात विमानांच्या प्रतिकृती बांधण्याचा अभ्यास असतो आणि अखिल भारतीय वायुसैनिक शिबिरात त्याच्या स्पर्धाही होतात, ही समाधानाची गोष्ट आहे. पण छात्र सेनेबाहेरच्या मुलांना हे काम शिकवणारे आपल्या तिन्ही गावांत थोडेच. उडवण्याची मोकळी मैदाने तर वर्षागणिक कमी होत आहेत, आणि पहाटे लवकर, क्रिकेटचे संघ येण्याआधी, वारा पडलेला असताना जे अर्धा-पाऊण तास मिळते त्यावरच भागवावे लागते. त्या वेळी गवतावर दव असते, हे ध्यानात ठेवून विमान कधी खाली गवतात ठेवू नये.

लोकलच्या गर्दीतून पंख नेताना तो फाटला तर घाबरण्याचे कारण नाही. फाटलेल्या जागेच्या कडा धारदार ब्लेडने गोल कापाव्या, तेवढ्याहून थोडा मोठा गोल तुकडा त्याच कागदाचा घ्यावा, तंतूंची दिशा जुळवून पातळ लेपाने चिकटवावा आणि वर आणखी एक हात द्यावा. गोल एवढ्यासाठी की चौकोनाच्या कोपऱ्यापासून नवी चीर सुरू होते. पंख वाकला असेल तर किटलीच्या वाफेवर क्षणभर धरून, उलट बाजूला थोडा अधिक पिळून, थंड होईपर्यंत तसाच हातात धरावा. वाफ भाजते, म्हणून हे काम मोठ्यांनी करावे. पावसाळ्यात पंख भिंतीला तिरका टेकून ठेवू नयेत. ते सपाट फळीला रबराने बांधून, सिलिका जेलच्या दोन-चार पुड्यांसह, घट्ट झाकणाच्या खोक्यात ठेवावे. गणपतीनंतर खोका उघडला की प्रथम पंख डोळ्यांसमोर आडवा धरावा आणि मागच्या कडेवरून एक डोळा मिटून पाहावे; ती कड दोन्हीकडे सारखी दिसली तरच विमान मैदानावर न्यावे.